मार्फत ५६ एपीओ

किल्ला अंगणाच्या कोपऱ्यात, तुळशीवृंदावनाच्या आडोशाला उभा राहत होता. नऊ वर्षांचा पोरगा कोपरापर्यंत चिखलाने माखलेला. खाली दगड आणि विटांचे तुकडे, त्यावर ओलं गोणपाट, गोणपाटावर लाल मातीचा लेप. पायथ्याला हळीव पेरलेलं होतं आणि दर दहा मिनिटांनी तो त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडत होता. साताऱ्याच्या बाजारातून आणलेले मातीचे मावळे वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते. महाराज अजून कागदात गुंडाळलेले होते, कारण सिंहासनाची जागा सुकायची होती.

"हा हितं," तो म्हणाला आणि एक मावळा बाकीच्यांपासून लांब, बुरुजाच्या टोकावर ठेवला. तोंड बाहेरच्या बाजूला. "ह्याची ड्यूटी हाय."

ह्याला सगळ्यांबरोबर दरबारात का नाही ठेवलंस, असं मी विचारलं. त्याने हातातला चिखल चड्डीला पुसला.

"मग भाईर कोन बघनार?"

त्याचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत नाईक आहेत, सध्या फील्डवर, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी. दिवाळीला येणार का, हे त्या घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. रजेचा अर्ज गेलाय, एवढंच आजी म्हणाल्या. "आला तर आला. न्हायतर तुळशीच्या लग्नाला."

या घराचं नाव, गाव मी लिहीत नाही. सेवेत असलेल्या जवानाचा ठावठिकाणा छापायचा नसतो, हे मला कुणी सांगावं लागत नाही. मी अशाच घरात वाढले. माझे वडील हवालदार होते. तिसरीत असताना त्यांना पहिलं पत्र लिहिलं, तेव्हा आईने शेजारी बसून पत्ता सांगितला होता: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मार्फत ५६ एपीओ. बस, एवढंच. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. फौजेचं टपाल असंच जातं. पलटण कुठे आहे ते पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं, फील्ड पोस्ट ऑफिसला असतं. शाळेत पत्रलेखनाचा धडा आला तेव्हा मी हाच पत्ता लिहिला. गुरुजींनी 'पत्ता अपुरा' असा लाल शेरा मारून एक गुण कापला. त्यांचा दोष नव्हता. आमच्या गावात वडिलांचा पत्ता विचारायची वेळ कुणावर आलीच नव्हती. मी मात्र घरी येऊन आईला विचारलं होतं, की पत्ता अपुरा असेल तर पत्र पोचत नसेल का.

तो प्रश्न घेऊन मी यंदा काही फौजी घरांत फिरले. साताऱ्याच्या बाजूला, शिरोळ तालुक्यात, पुण्यात खडकीच्या क्वार्टरांत. फौजीच्या मुलांचं आज काय चाललंय, ते मला पाहायचं होतं. फिरून आल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली. ही मुलं आपल्याला दिसतात ती बापाची पेटी तिरंग्यात गुंडाळून गावात आल्यावर. त्याआधी दहा-पंधरा वर्षं ती आपल्याच आळीत, आपल्याच वर्गात असतात, तेव्हा ती आपल्याला दिसत नाहीत. आणि त्यांना आपली खरी गरज तेव्हाच असते.

नव्वद दिवस

पश्चिम महाराष्ट्राच्या या पट्ट्यात फौजेची वहिवाट आजोबापासून नातवापर्यंत चालत येते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. आज ते गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. तिथलं मूल पहिलीत आपल्या गावाचं नाव लिहायला शिकतं तेव्हा 'मिलिटरी' हा शब्दही शिकतं. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला सगळे 'सैनिक टाकळी' म्हणतात. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १७६८ साली उभी राहिली. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षं या मुलखातली पोरं फौजेत जात आहेत, आणि तेवढीच वर्षं त्यांची पोरं ओट्यावर बसून वाट पाहत आहेत. गेलेल्यांची नोंद स्तंभांवर आहे. वाट पाहणाऱ्यांची नोंद कुठेही नाही.

ती नोंद मी साध्या हिशेबाने करून पाहिली. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल रजा असते. सगळी मिळाली आणि सगळी घरीच घालवली, तर ९० दिवस. गावात राहून वाढलेल्या दहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला बाप आला ९०० दिवस, जेमतेम अडीच वर्षं. त्यातही रजा कधी पडेल ते मुलाच्या हातात नसतं. ती पेरणीला पडते, बहिणीच्या लग्नाला पडते, आजोबांच्या आजारपणाला पडते. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पडली, तर ते मूल नशिबाचं.

माझी धाकटी बहीण तीन वर्षांची असताना वडील, आमचे अण्णा, पहाटेच्या एसटीने आले. खांद्यावर होल्डॉल, हातात काळी पेटी. ती आजीच्या मागे लपली आणि ओरडली, "मामा आला!" अण्णा काही बोलले नाहीत. ओट्यावर बसले, पेटी उघडली, आणि एकेक वस्तू बाहेर मांडून ठेवली. कॅन्टीनचा साबण, आईचं पातळ, आक्रोड, लोकरीची टोपी. टोपी त्यांनी तशीच मांडीवर ठेवली आणि वाट पाहत बसले. बहिणीला त्यांच्याजवळ जायला आठ दिवस लागले. नवव्या दिवशी ती त्यांच्या दंडावर डोकं ठेवून झोपली आणि अण्णा सकाळपर्यंत हात हलवायला तयार नव्हते. रजा साठ दिवसांची होती. पहिले आठ ओळख पटण्यात गेले, शेवटचे चार बांधाबांध करण्यात.

आज फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे. किल्ला करणाऱ्या त्या मुलाने वडिलांचा चेहरा रोज पाहिला आहे, निदान नेटवर्क असेल त्या दिवशी. लहानग्यांनी बापाला मामा म्हणायचे दिवस बरेचसे सरले. पण नवं दुःखही त्याच फोनमधून येतं. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, तेव्हा शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती. गल्लीतली पोरं 'युद्ध, युद्ध' खेळत होती. घराघरांतल्या टीव्हीवर भोंगे वाजत होते. या मुलाच्या आईने दुसऱ्या दिवशी केबलची वायरच काढून ठेवली.

"पोरगं जेवायचं बंद झालं होतं, ताई," त्या म्हणाल्या. "रात्री उठून मोबाईल बघायचं, पप्पा ऑनलाइन दिसतात का. चौथ्या दिवशी फोन आला. अर्धा मिनिट. 'मी बरा आहे, पोराला दे.' पोरगं फोन घेऊन नुसतं उभं. एक शब्द नाही फुटला."

त्या चार दिवसांत घरी कोण कोण आलं, असं मी विचारलं. नातेवाइकांचे फोन आले, त्या म्हणाल्या. गावात मात्र सगळे एकच विचारत होते: काय म्हणतायत तिकडे, काही खबर? पोरगं कसं आहे, हे विचारायला फक्त एक शिक्षिका आल्या. त्यांनी बाकी काही विचारलं नाही. मुलाला घेऊन तासभर कॅरम खेळल्या आणि गेल्या. "त्या दिवशी त्यानं दोन भाकरी खाल्ल्या."

सहावी शाळा

बाप पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब बरोबर ठेवता येतं अशा ठाण्याला, आला की चित्र बदलतं. क्वार्टर मिळाली तर कुटुंब बरोबर राहतं. क्वार्टरची पाळी यायला वेळ लागतो, मग गावचं बिऱ्हाड उचलायचं, शाळेचा दाखला काढायचा आणि पेटी भरायची. दोन-तीन वर्षांत पुन्हा बदली.

खडकीत मला आठवीतली एक मुलगी भेटली. वडील सुभेदार, मूळ गाव शिरोळ तालुक्यात. ही तिची सहावी शाळा. तिचं अभ्यासाचं टेबल म्हणजे एकाला एक लावलेल्या दोन काळ्या पेट्या आणि त्यावर अंथरलेली चादर. चादर उचलून तिने मला पेटीची बाजू दाखवली. पांढऱ्या रंगात वडिलांचा नंबर, हुद्दा, नाव. हुद्दा दोनदा खोडून नवा रंगवलेला. नाईकाचा हवालदार, हवालदाराचा सुभेदार. खाली जुन्या ठिकाणांची पुसट झालेली नावं, एकावर एक. "ही माझ्या वयाची आहे," ती म्हणाली. "मी झाले तेव्हा घेतली पप्पांनी."

माझ्या वहीत तिने आपलं नाव तीन लिप्यांत लिहून दिलं: देवनागरी, पंजाबात शिकलेली गुरुमुखी आणि आसामात शिकलेली असमिया. अक्षर तिन्हींत वळणदार. मी कौतुक केलं तर म्हणाली, "पण मराठी निबंध नाही येत मला. आजीला पत्र लिहिते ना, तर आजी हसते."

तिच्याकडून एक गोष्ट मी शिकले. नव्या शाळेत कुणाशी मैत्री करावीशी वाटली, की ती आधी विचारते, "तुम्हाला इथे येऊन किती झालं?" समोरच्या मुलीला अडीच वर्षं झाली असतील, तर ती जायला आली. मग जीव लावायचा की नाही, ते ठरवता येतं. तेरा वर्षांच्या मुलीला हा हिशेब येतो. आणि तरी, ती म्हणाली, ती जीव लावतेच. "नाही तर डबा कुणाबरोबर खाणार?"

फौजीच्या मुलांच्या अंगी यातून जे येतं, त्याचं कौतुक मोकळ्या मनाने करायला हवं. नव्या वर्गात शिरून पहिल्या दिवशी स्वतःची ओळख करून देणं, कुठलीही भाषा कानाने उचलणं, दोन खोल्यांत संसार आवरून बसणं, शेजारचं मूल तमिळ आहे की डोग्रा याने काही फरक न पडणं. छावणीतल्या एका गल्लीत ईद, ओणम, लोहडी आणि गणपती एकाच उत्साहाने होतात. हा देश किती मोठा आहे हे आपण भूगोलात वाचतो, ती मुलं तो पेट्या बांधून फिरतात.

या फिरस्तीची सरकारला आणि फौजेला जाण आहे, हेही नोंदवलं पाहिजे. केंद्रीय विद्यालयांची सुरुवातच यातून झाली. १९६३ साली पलटणींच्या २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन केंद्र सरकारने ही साखळी सुरू केली, कारण बदलीच्या नोकरीतल्या पालकांच्या मुलांना देशभर एकच अभ्यासक्रम हवा होता. आज अशा १,२०० हून अधिक शाळा आहेत आणि एका केंद्रीय विद्यालयाचा दाखला दुसऱ्यात चालतो. लष्कराच्या शिक्षण संस्थेने १९८३ पासून आर्मी पब्लिक स्कूल उभ्या केल्या, त्या आज १३० हून अधिक आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली, देशातली पहिली. सैनिक शाळांत फौजी पालकांच्या मुलांसाठी काही जागा राखीव असतात आणि २०२१-२२ पासून या सगळ्या शाळांची दारं मुलींनाही उघडी झाली. बेळगावची राष्ट्रीय मिलिटरी स्कूल १९४५ ची. तिथे जागांचा मोठा वाटा जवान आणि जेसीओंच्या (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरांच्या) मुलांचा. शिक्षण भत्ताही आहे. २०२४ पासून दोन मुलांपर्यंत प्रत्येकी दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे.

अडचण येते ती या साखळीतून मूल बाहेर पडतं तेव्हा. वडील फील्डवर गेले, क्वार्टर सोडावी लागली, आई मुलांना घेऊन गावी आली. आता शाळा जिल्हा परिषदेची किंवा गावच्या संस्थेची. सत्र अर्धं उलटलेलं. इतकी वर्षं हिंदी-इंग्रजीत शिकलेल्या मुलाला आता इतिहास मराठीत. दाखल्यावरच्या एका अक्षराच्या चुकीसाठी तीन हेलपाटे. जिथे चूक झाली ती शाळा दीड हजार किलोमीटरवर. एका आईने मला प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले मुलाचे पाच दाखले दाखवले. पाचांतल्या दोनांवर आडनाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं. "वडिलांना घेऊन या, असं ऑफिसात सांगतात," त्या म्हणाल्या. "त्यांना कुठून आणू?"

दोन्ही तीच

या मुलांच्या गोष्टीत आईचा उल्लेख ओझरता करून चालणार नाही. फौजीच्या घरात बँक, गॅस, वीजबिल, शेतीचा वाटा, सासूसासऱ्यांचं औषधपाणी, पालकसभा, रात्रीबेरात्री मुलाचा ताप, सगळं तिच्याकडे. शिवाय एक काम असं, की ते कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही: गैरहजर बापाला घरात हजर ठेवणं. माझी आई जेवायला बसताना अण्णांचा पाट मांडायची. किल्लेवाल्या मुलाची आई प्रगतिपुस्तकाचा फोटो काढून पाठवते आणि सही स्वतः करत नाही. वडील कागदावर सही करून त्या सहीचा फोटो परत पाठवतात, तो छापून चिकटवला जातो. शाळेने हे चालवून घेतलं आहे. त्या मुख्याध्यापकांना मी मनोमन नमस्कार केला.

या आयांना हात देण्यासाठी लष्करी पत्नींची कल्याणकारी संघटना, सगळे जिला 'आवा' म्हणतात ती, १९६६ सालापासून आहे. विशेष मुलांसाठी तिच्या 'आशा' शाळा आहेत. मूल आजारी किंवा विशेष गरजांचं असेल, तर त्या कारणावर बदलीची विनंतीही करता येते. पण यातलं बरंचसं छावणीच्या आत आहे. गावात राहणाऱ्या सुनेला पलटणीतला एखादा साहेब किंवा सुभेदार फोनवर भेटतो तेवढाच. तिच्या जवळ असतो तो शेजार.

शब्द नसलेलं नातं

आता त्या दिवसाबद्दल, जो कुठल्याच घरात बोलला जात नाही.

जवान धारातीर्थी पडला, की आपल्या भाषेत त्याच्या माणसांसाठी शब्द तयार असतात. वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी. व्यासपीठावर त्यांना नारळ, शाल दिली जाते. मुलासाठी शब्द शोधून पाहा. 'वीरपुत्र' आहे, पण तो आपण गेलेल्या जवानालाच वापरतो, देशाचा वीरपुत्र म्हणून. त्याच्या पोराला हाक मारायला भाषेत शब्द नाही. आणि सगळ्यांत जास्त वर्षं ती उणीव सोबत घेऊन जगायचं असतं ते त्यालाच.

बातमीदारीच्या काळात मी अशा अंत्ययात्रांना गेले आहे. गाव लोटलेलं असतं, घोषणा आभाळाला भिडलेल्या असतात, बंदुकांची सलामी होते. आणि त्या गर्दीत कुणीतरी चार वर्षांच्या मुलाला उचलून कॅमेऱ्यांसमोर धरतं, "बाळा, सॅल्यूट कर." ते मूल सॅल्यूट करतं. तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडे असतो. मला त्या मुलाचे डोळे आठवतात. ते पेटीकडे नव्हते, कॅमेऱ्याकडेही नव्हते. ते गर्दीत आईला शोधत होते. तो फोटो आपण काढू नये, काढला असेल तर छापू नये, आणि हाती आला तर पुढे पाठवू नये. त्या मुलाला मोठेपणी आपला बाप आठवायचा असेल, तर तो आपल्याच आठवणीतला असू दे.

या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी देशाने १९७१ च्या युद्धानंतर लगेच उचलली. युद्धात कामी आलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमचं अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचा शिक्षणखर्च सरकार भरेल, अशी ती योजना १९७२ पासून चालू आहे. जुलै २०१७ मध्ये त्यावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. फौजी घरांत ती बातमी मनाला लागली. रक्कम किती, याहून मोठा प्रश्न दिलेल्या शब्दाचा होता. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहून ही मर्यादा काढण्याची विनंती केली आणि मार्च २०१८ मध्ये ती मागे घेतली गेली. लोक बोलले, प्रमुख बोलले, सरकारने ऐकलं. ही चांगली गोष्ट आहे आणि ती लक्षात ठेवावी, कारण अशा योजनांवर पहारा ठेवायला ही मुलं स्वतः येऊ शकत नाहीत.

साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक साताऱ्याच्याच सैनिक शाळेत शिकले. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे प्रमुख असताना १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात ते कामी आले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी वयाची सवलत घेऊन परीक्षा दिली, चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझमध्ये कामी आले. त्यांच्या पत्नी कनिका राणे नोव्हेंबर २०२० मध्ये लष्करी अधिकारी झाल्या, तेव्हा त्यांचा मुलगा अजून लहानच होता. या दोघींच्या धैर्याची दखल महाराष्ट्राने घेतली, ती योग्यच. पण त्या प्रशिक्षणाच्या महिन्यांत घरी किंवा निवासी शाळेत राहून 'आई, तू जा' म्हणणारी मुलंही होती. त्यांनी वडील गमावले होते आणि आईला पाठवलं होतं. त्या दोन गणवेशांवरच्या ताऱ्यांत त्यांचाही वाटा आहे.

आपल्या आळीतलं मूल

अमेरिकेत १९८६ पासून एप्रिल हा सैनिकांच्या मुलांचा महिना म्हणून पाळला जातो. त्या दिवसांत शाळांतली मुलं जांभळे कपडे घालून येतात. भूदल, नौदल, हवाईदल, सगळ्यांचे रंग मिसळून जांभळा होतो, अशी त्यामागची कल्पना. आपल्याकडे १५ जानेवारीला सेनादिन, ८ ऑक्टोबरला हवाईदल दिन, ४ डिसेंबरला नौदल दिन आणि १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. त्यांच्या मुलांच्या नावाचा दिवस मी कधी पाळलेला पाहिला नाही. जांभळा रंग आपल्याला उसना आणायचं कारण नाही. पण आपल्या शाळांत १४ नोव्हेंबरला बालदिन होतोच, आणि त्यानंतर तीनच आठवड्यांत ध्वजदिन येतो. या तीन आठवड्यांत प्रत्येक शाळेने आपल्या पटावरच्या फौजी घरच्या मुलांना एकदा व्यासपीठावर बोलवावं. सत्कारासाठी नको. त्यांनी आपल्या वडिलांचं पत्र वाचावं, कुठलं कुठलं गाव पाहिलं ते सांगावं, तीन लिप्यांत नाव लिहून दाखवावं. वर्ग ऐकेल, आणि ते मूल पुढच्या दिवशी थोडं ताठ बसेल.

शिक्षकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. वर्गातल्या कुठल्या मुलाचे वडील किंवा आई फौजेत आहेत, ते वर्षाच्या सुरुवातीला वहीत टिपून ठेवा. पालकसभेला बाप फोनवरून हजर राहत असेल, तर त्याला हजर धरा. आणि सीमेवर काही घडलं, तर त्या मुलाला वर्गात बातमी विचारू नका. डबा खायला शेजारी बसवा. दाखल्याचं काम करणाऱ्या कारकुनांना एकच सांगणं: 'वडिलांना घेऊन या' हे वाक्य या घरांपुरतं विसरा. आईची सही पुरेशी आहे.

फौजी घरांसाठी एक माहिती, कारण गावोगावी ती अजून पोचलेली नाही असं मी पाहिलं. जिल्हा पातळीवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ५,५०० जणांना, मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षणासाठी दरमहा मदत मिळते. ती रक्कम नोव्हेंबर २०२५ पासून १,००० वरून २,००० रुपये झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहंही आहेत. पण नीट पाहा: यातल्या रोख मदती बहुतेक बाप निवृत्त झाल्यावर किंवा गेल्यावर सुरू होतात. तो सेवेत असताना गावात वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला भत्ता आहे, पण माणूस नाही. तेवढी जागा सरकारने भरायची नाही, आपण भरायची आहे. त्याला पोहायला विहिरीवर घेऊन जाणारा काका, सायकल शिकवताना मागून धावणारा शेजारी, गणिताला बसवणारी ताई. बाप घरी नसण्याची भरपाई कुणाला करता येत नाही. पण पोराला सायकल तर यायला हवी.

माझ्या त्या अपुऱ्या पत्त्याची गोष्ट पुरी करते. अण्णा निवृत्त होऊन घरी आले, तेव्हा त्यांच्या पेटीच्या तळाशी माझी सगळी पत्रं होती, दोरीने बांधलेली, तारखेवार. एकही गहाळ झालेलं नव्हतं. पत्ता पुरा होता.

मी निघाले तेव्हा संध्याकाळ झाली होती. किल्ल्यावर सिंहासन सुकलं होतं आणि महाराज बसले होते. बुरुजावरचा मावळा होता तिथेच होता. वडिलांच्या रजेचं अजून काही कळलेलं नव्हतं.

दरवर्षी दिवाळीला आपण सीमेवरच्या जवानांना फराळ पाठवतो. गल्लोगल्ली डबे गोळा होतात, ट्रक भरून जातात. ही आपली फार सुंदर रीत आहे, ती चालू ठेवावी. यंदा त्यातलं एक ताट काढून ठेवा. आपल्या आळीत, आपल्या सोसायटीत, आपल्या गावात ज्या घरचा माणूस ड्यूटीवर आहे, त्या घरी ते घेऊन जा. ताट आईच्या हातात द्या, आणि मग मुलाला म्हणा, "चल, तुझा किल्ला दाखव."